बिनटाक्याचं

लातूरला औसा रस्त्यावर हाडांचा एक दवाखाना आहे. त्याच्या निळ्या बोर्डावर डॉक्टरीणबाईंचं नाव आहे, त्यांच्या पदव्या आहेत, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात ठळक अक्षरांत, तय्यबचा एक शब्द आहे. तय्यब तिथला प्लास्टरवाला. अठ्ठावीस वर्षं त्यानं मोडक्या हातापायांना प्लास्टर घातलं, पण प्लास्टरवाल्याचं नाव बोर्डावर लिहायची पद्धत कुठंच नाही. शब्द मात्र बोर्डावर गेला.

त्याचं असं झालं. थोरले डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी शिल्पा मॅडम दवाखाना बघू लागल्या. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तीन वर्षं काढून त्या एक नवं कसब शिकून आल्या होत्या. नडगीचं हाड मोडलं की पूर्वी पाय उभा उकलायचे, हाड उघडं करायचे, मग पट्टी बसवायचे. मॅडम तसं करत नसत. घोट्यापाशी बोटाच्या दोन पेरांएवढी चीर द्यायची, तिच्यातून धातूची पट्टी कातडीखालून वर सरकवायची आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत बारीक भोकांतून स्क्रू मारायचे. हाडाभोवतीचं मांस जागच्या जागी राहतं, हाडाचा रक्तपुरवठा तुटत नाही, हाड लवकर जुळतं. टाके आतून, आपोआप विरघळणारे. वरून प्लास्टर नाही, कारण प्लास्टरनं घोटा आखडतो.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तय्यबला आपली रोजीरोटी गेल्याचंही सुचलं नाही, इतका तो खूश झाला. कारागिराच्या घरातला माणूस. बापानं गंजगोलाईत कंदील आणि पंप दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता. न उघडता आतलं नीट करणं म्हणजे काय, ते त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग बोर्ड रंगवायला पेंटर आला. मॅडमनी त्याला "कमीत कमी छेद देऊन, ऊतींना इजा न करता" असं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तसा त्यानं ब्रश खाली ठेवला. एवढं बसायचं नाही म्हणाला.

"चाचा," मॅडम तय्यबकडं वळल्या, "गावाकडच्या माणसाला एका शब्दात कळेल असं काय लिहू?"

"बिनटाक्याचं लिवा की, मॅडम."

"पण टाके असतात ना आत."

"असत्यात, पर दिसत न्हाईत की."

मॅडम हसल्या आणि पेंटरनं लिहिलं : नडगीच्या हाडाचं बिनटाक्याचं ऑपरेशन. तय्यबला काय आनंद झाला! रविवारी बायकोला, चांदबीला, ऑटोत बसवून बोर्ड दाखवायला आणलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तर यानं बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं.

आता खरं सांगायचं तर शब्द त्याचाही नव्हता. तो सरकारी शिबिरांचा होता. या भागातल्या गावागावांत बिनटाक्याचं म्हटलं की एकच कळतं, बायांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. सकाळी जीपमधून न्यायच्या, संध्याकाळी घरी आणून सोडायच्या, आणि आठव्या दिवशी त्याच बाया वावरात खुरपायला. तय्यबला हे चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द म्हणूनच तर त्यानं तो सुचवला होता. आपण लोकांना काय सांगून बसलोय, याचा विचार काही त्याच्या डोक्यात आला नाही.

रेणुका आली ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. जळकोटजवळच्या एका गावातली, एकतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. पंचमीला गावातल्या लिंबाला झोके बांधले होते. ही उभ्यानं झोका चढवत होती, दोर सरकला, पाय पिळून खाली आली. घोट्याच्या वर चार बोटांवर नडगीचे तीन तुकडे झाले होते.

सोबत नवरा शिवम आणि सासू सिंधुबाई. शिवम गरीब स्वभावाचा. म्हणजे घरात कुणाचंच काही मोडत नसे, आणि त्यात पहिली आई. सिंधुबाईंनी तर दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटेल त्याला गाऱ्हाणं सांगायचा सपाटा लावला.

"वावरात पडली असती तर म्हनलं असतं काम करता करता पडली. ही खेळायला गेली अन् पाय मोडून आली. लेकरं खेळत न्हाईत एवढं खेळून राहिली."

ऑपरेशन झकास झालं. तय्यब स्वतः पाय धरायला उभा होता. मॅडमनी पट्टी सरकवली, पडद्यावर तीन तुकडे एका रेषेत आले, तेव्हा त्याच्या तोंडून "सुभानल्ला" निघून गेलं आणि मॅडम मास्कमागं हसल्या.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. "छोटंसं ऑपरेशन होतं, छान झालंय. पण सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. वॉकर घेऊन एका पायावर. बारा आठवड्यांनंतर पूर्ण भार."

घरच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. पुढची बहुतेक त्यांच्या डोक्यावरून गेली. सिंधुबाईंनी चादर वर करून पाय बघितला. घोट्यापाशी एक चिकटपट्टी, वर तीन टिकलीएवढ्या पट्ट्या.

"एवढंच?" त्यांनी तय्यबला विचारलं. "टाके कुठं हायत?"

"टाके दिसत न्हाईत, आक्का. बिनटाक्याचं हाय," तय्यब छाती फुगवून म्हणाला.

"अगं बया, बिनटाक्याचं व्हय! मंग काय," सिंधुबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. आपण एका घाबरलेल्या म्हातारीला धीर दिला, असं समजून तय्यब दिवसभर खुशीत होता.

रेणुका परत तपासणीला आली ती चार आठवड्यांनी. तय्यबची प्लास्टरची खोली आता गोदाम झाली होती. भिंतीला वॉकर आणि कुबड्या टेकवलेल्या, कोपऱ्यात प्लास्टरच्या उरलेल्या गुंडाळ्यांचं एक खोकं. तो तिथं बसून एका वॉकरला रबरी बूच बसवत होता, तेवढ्यात दारात ती दिसली. भिंतीला धरून, दोन्ही पायांवर उभी.

"अगं ए पोरी! पाय टेकवून राहिलीस का तू? वॉकर कुठं हाय तुझा?"

"घरी हाय. लेकरं खेळत्यात त्याच्याशी." ती आत आली आणि खोक्यावर बसली. पाऊल सुजून तकतकत होतं. "मामा, मला प्लास्टर घालता का?"

"प्लास्टर? काय झालं? मॅडम काय म्हनल्या?"

"मॅडम म्हनल्या, हाड धरायला लागलंय, पर अजून कच्चं हाय, टेकवू नका. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ह्यांना आत बोलवून सांगितलं. ह्ये हाव म्हनले."

"मंग झालं की."

"ह्ये सगळ्याला हाव म्हनत्यात, मामा." ती हसली, पण ते हसणं बघवेना. "पंधरा दिवस घरात कोन काय बोललं न्हाई. मंग जाऊ म्हनली, बिनटाक्याचं झालंय तर कामून बसून हाय ही? शेजारची आली ती पाय बघून गेली. येती ती चादर वर करून बघती. काय दिसतंय तितं? टिकल्या. माझी नणंद म्हनली, आमच्या गावात बिनटाक्याचं करून बाई आठव्या दिवशी शेतात जाती. मी म्हनलं, ते येगळं, हे येगळं. तर म्हनल्या, बोर्डावर तेच लिवलंय की."

तय्यबच्या हातातलं बूच हातातच राहिलं.

"चार दिवसांवर महालक्ष्म्या हायत," ती सांगत होती. "आमच्यात मोठ्या असत्यात. सोळा भाज्या, पुरन, साठ-सत्तर मानूस जेवायला. सासूबाई म्हनल्या, घरात लक्ष्म्या उभ्या अन् सून बसल्याली, बरं दिसतंय का? मी काय बोलनार? प्लास्टर असलं म्हंजे कसं, बघनाऱ्याला दिसतं. कोनी उठ म्हनत न्हाई. पांढरं दिसलं की सगळे गप बसत्यात. नुसतं वरून घाला. लक्ष्म्या उठल्या की मी येते, तुमी कापून टाका."

मागणी काय होती? दोन गुंडाळ्या, एक बादली पाणी, अर्धा तास. खोकं तर ती ज्यावर बसली होती तेच होतं.

आणि तय्यब काय म्हणाला? म्हणाला, "न्हाई पोरी. प्लास्टरनं घोटा आखडतो. मॅडमच्या पेशंटला मी मनानं प्लास्टर घातलं तर त्या मला काय म्हनतील? अन् खोटं प्लास्टर मी घालत नसतो."

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही, याची त्याला पुढं फार लाज वाटली. कारण खोटी प्लास्टरं त्यानं घातली होती. निवडणुकीच्या ड्युटीतून सुटायला अहमदपूरचे एक गुरुजी आले होते. थोरल्या डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि तय्यबनं त्या धडधाकट पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढवलं होतं. पंधरा दिवसांनी गुरुजी येऊन कापून घेऊन गेले, वर पेढे ठेवून गेले. भांडणात नुसतं खरचटलेल्या एकाला पोलीस ठाण्यात दाखवायला हात बांधून हवा होता. त्यालाही दिला होता बांधून. ज्यांचं काही मोडलं नव्हतं अशा बाप्यांना त्यानं प्लास्टर घातलं, आणि जिच्या नडगीचे तीन तुकडे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघितले होते, तिला मात्र तो इमानदारी शिकवत बसला.

रेणुकानं पुन्हा विचारलं नाही. बाहेर शिवमनं मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. ती भिंतीला धरून उठली. तय्यबनं एक वॉकर पुढं केला, तर म्हणाली, "असू द्या मामा. ह्यो बी लेकरं नेतील."

रात्री जेवताना त्यानं चांदबीला हे सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता थांबली.

"पिलास्तर डाल देते तो क्या बिगड जाता था तुमारा?"

"मॅडमकू मालूम होता तो?"

"मॅडम क्या सूली पे चढाती तुमकू?" चांदबी म्हणाली आणि भाकरी ताटात टाकून चुलीकडं वळली. 

दुसऱ्या दिवशी तय्यबनं ठरवलं, मॅडमना सांगायचं आणि पोरीला परत बोलवून घ्यायचं. पण त्या दिवशी एका अपघाताचे चार पेशंट एकदम आले. त्याच्या पुढच्या दिवशी मॅडम नांदेडला एका सभेत याच ऑपरेशनवर बोलायला गेल्या. त्यांची वाट बघता बघता महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला, तेव्हा त्यानं नोंदवहीतला नंबर काढून फोन लावला. शिवमनं उचलला. मागं भांड्यांचा, लेकरांचा, बायांच्या बोलण्याचा नुसता कल्ला.

"रेणुकाबाईचा पाय कसा हाय? टेकवायचा न्हाई बरं का अजून. दवाखान्यातून बोलतोय."

"हाव, हाव. काही काळजी करू नका," शिवम मोकळेपणानं म्हणाला. "ती तर मस्त चालून राहिली. पुरन तिनंच घातलंय सगळं."

"अहो, पर..."

"लई भारी आपरेशन केलं मॅडमनी. आमी सगळ्यांना सांगून राहिलो," शिवम म्हणाला, आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

फोन परत लावावा, त्या सिंधुबाईला बोलावून घ्यावं, जरा चढ्या आवाजात सांगावं, असं तय्यबच्या मनात आलं. पण सणाच्या दिवशी भरल्या घरात, परक्या गावात, त्यांच्या सुनेवरून आपण काय बोलायचं? आपण कोण? त्यानं फोन लावला नाही.

दोन दिवसांनी रेणुकाला घेऊन जीप आली. महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या सकाळी ती हौदावर मोठी पातेली घासायला उकिडवी बसली होती. उठताना पायात काहीतरी कटकन वाजलं. तिला वाटलं, पातेल्याची कडी मोडली.

एक्स-रे पडद्यावर लावला तेव्हा कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. पट्टी मधोमध तुटली होती आणि हाड कोपरासारखं वाकलं होतं. मॅडम आधी शिवमवर चिडल्या, मग रेणुकावर. "मी सांगितलं होतं ना? किती वेळा सांगितलं होतं? इतकं सुंदर जुळत आलं होतं!" रेणुका छताकडं बघत पडून होती. सांगितलं होतं, यात काही खोटं नव्हतं.

आता कातडीखालून काही होण्यासारखं नव्हतं. पाय उभा उकलावा लागला. तुटकी पट्टी काढली, कमरेचं हाड खरवडून नडगीत भरलं, लांब पट्टी टाकली. तीन तास गेले. तय्यब पाय धरून उभा होता आणि खाली बघत नव्हता. पाय थोडा आखूड राहील, मॅडम हात धुताना म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "चाचा, या वेळी वरून प्लास्टर द्या. घोटा आखडला तर आखडू दे. या लोकांचा काही भरवसा नाही."

"जी," तय्यब म्हणाला.

आधी पायाला मागून नुसती प्लास्टरची एक तात्पुरती पट्टी बांधून दिली होती. पाचव्या दिवशी जखम बघून खरं प्लास्टर चढवायचं होतं. तय्यबनं बादलीत पाणी आणलं, खोक्यातल्या गुंडाळ्या आणल्या. आधीचं बँडेज सोडलं तेव्हा सिंधुबाई पलंगाशी उभ्या होत्या. नडगीवर वीतभर लांब काळीनिळी चीर आणि तिला आडवे टाके, एकाखाली एक. सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मोजले.

"बावीस!" त्या म्हणाल्या. "बाई गं, बावीस टाके." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. सकाळपासून तिला त्यांनी स्वतःच्या हातानं मऊ खिचडी भरवली होती. पलीकडच्या पलंगावरच्या बाईला त्या रडवेल्या आवाजात सांगू लागल्या, "पहिलं नुसतं नावाला केलं व्हतं. आता खरं आपरेशन झालं बगा माझ्या सुनेचं."

तय्यब गुंडाळी भिजवत होता. पाणी पिळून त्यानं ती घोट्याखालून फिरवली. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालले, सुरकुती न पडू देता, टाचेपाशी दोन पदर जास्त. जखम बघता यावी म्हणून तिच्यावर खिडकी राखली. पाय पांढरा होत गेला. सिंधुबाई ते टक लावून बघत होत्या.

"भाऊ," त्या अगदी सरळपणानं म्हणाल्या, "हे आधीच घातलं असतं तर आमी तिला उठू दिलं असतं का?"

तय्यब वरचा पदर दाबून बसवत राहिला. रेणुकाचे डोळे मिटलेले होते. तिनं त्या दिवशी प्लास्टर मागितल्याचं सासूला सांगितलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. निदान म्हातारीनं दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

"चहा आनते गं तुला," सिंधुबाई म्हणाल्या आणि थर्मास घेऊन खाली गेल्या.

प्लास्टर गरम होऊन घट्ट होत आलं. तय्यबनं ओला फडका फिरवून ते गुळगुळीत केलं. मग खिशातलं जाड पेन काढलं. प्लास्टर घातलं की त्यावर तारीख टाकायची, ही थोरल्या डॉक्टरांनी लावलेली शिस्त. किती दिवस झाले ते कुणालाही बघता यावं म्हणून. नडगीच्या बाजूला सपाट जागा बघून त्यानं पेन टेकवलं.

"मामा," रेणुका म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

"काय पोरी?"

"तारीख नका टाकू."

"टाकावी लागती. काढायचा दिवस कळाया पायजे."

"तेच म्हनते. टाकली की घरी मोजत बसतील."

खालून सिंधुबाईंचा आवाज जिन्यावर येत होता, कुणाला तरी त्या बावीस आकडा सांगत होत्या. तय्यबनं पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.